बाग सगळ्यांची, फुरसत कुणाची?

नियोजित शहर म्हटले की आपल्याकडचा मध्यमवर्ग चंदीगडचे नाव घेतो. रुंद रस्ते, दाट झाडी, सुखना तलावाच्या काठाने पहाटे चालणारी माणसे. या कौतुकाला एकच प्रश्न विचारायचा आहे: चालणारे कोण आणि झाडणारे कोण?

शिवालिकच्या डोंगरांतून उतरणाऱ्या पावसाळी ओढ्यांना तिकडे ‘चो’ म्हणतात. सुखना चो अडवून १९५८ मध्ये तलाव झाला. शहराच्या मधून जाणाऱ्या एन-चोच्या काठाने सुमारे ८ किलोमीटरची बागांची माळ आहे. तिचे नावच लीझर व्हॅली, म्हणजे फुरसतीची दरी. सेक्टर ३ मध्ये बोगनवेल, सेक्टर १० मध्ये व्यायामाची पायवाट, सेक्टर १६ मध्ये १९६७ सालचा गुलाबबाग. हाच चो शहराबाहेर पडतो तेव्हा मात्र सांडपाण्याचा नाला झालेला असतो. फुलांची शोभा वरच्यांना, दुर्गंधी खालच्यांना.

हे शहर आखणाऱ्या ली कार्बुझिएने ते माणसाच्या देहासारखे कल्पिले. उत्तरेचे कॅपिटॉल हे डोके, सेक्टर १७ हृदय, लीझर व्हॅली आणि बागा ही फुप्फुसे, औद्योगिक क्षेत्र आतडी. समाजाला देह मानून कुणाला मुख आणि कुणाला पाय ठरवण्याची गोष्ट आपल्याला नवीन नाही. पुरुषसूक्तापासून ती सांगितली जाते आणि जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’त तिची चिरफाड केली. कार्बुझिएने पुरुषसूक्त वाचले होते की नाही, याने फरक पडत नाही. त्याच्या आराखड्यात आपली जुनी उतरंड अगदी सहज बसली. सरकारी नोकरांसाठी पगाराच्या पायऱ्यांप्रमाणे १३ प्रकारची घरे ठरली, मुख्यमंत्र्यांपासून शिपायापर्यंत. उत्तरेकडे मोठे भूखंड आणि विरळ वस्ती, दक्षिणेकडे सरकावे तशी दाटी.

२०११ च्या जनगणनेनुसार चंदीगडच्या लोकसंख्येत अनुसूचित जाती १८.९ टक्के आहेत. शहराच्या पश्चिम टोकाला डड्डूमाजरा आहे. सगळ्या शहराचा कचरा वर्षानुवर्षे तिथे टाकला गेला आणि त्या डोंगराला खेटून कष्टकऱ्यांची, त्यात मोठ्या संख्येने दलितांची वस्ती आहे. सेक्टर १० मधला माणूस शुद्ध हवेसाठी पहाटे घराबाहेर पडतो. डड्डूमाजऱ्यातली बाई हवा घरात येऊ नये म्हणून खिडकी लावून घेते.

१ मे २०२२ रोजी, ऐन कामगार दिनी, प्रशासनाने औद्योगिक क्षेत्रातली कॉलनी नंबर ४ बुलडोझर लावून पाडली. काही कुटुंबांना दूर मलोयाला भाड्याची घरे मिळाली. यादीत नाव नसलेल्यांना रस्ता मिळाला. त्याआधी २ मार्च २०२० रोजी पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने सुखना तलावाला हक्क असलेली ‘जिवंत व्यक्ती’ जाहीर केले होते. तलावाला हक्क मिळाले, त्याबद्दल तक्रार नाही. पण जे तलावाला मिळाले, ते झोपडीतल्या जित्याजागत्या माणसाला का मिळू नये?

यावर ठरलेले उत्तर येते: “बागेत कुणी जात विचारत नाही, तिकीटही नाही, या की!” हे उत्तर आपण महाडला ऐकले आहे. १९२३ चा बोले ठराव होता, १९२४ चा महाड नगरपालिकेचा ठराव होता. कागदावर चवदार तळे सगळ्यांना खुले होते. तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारोंसह तिथे जाऊन पाणी प्यावे लागले आणि परतणाऱ्या लोकांनी त्यासाठी मार खाल्ला. चंदीगडच्या बागेत जात विचारावी लागत नाही, कारण नकाशाने आणि कामाच्या वेळेने ती आधीच विचारून घेतली आहे. पहाटे पाचला हातात खराटा घेऊन कामावर लागणाऱ्याला पहाटेची बाग खुली असून काय उपयोग?

बाबासाहेबांनी १९४५ मध्ये गांधीवादावर टीका करताना स्पष्ट मांडले की फुरसत मिळाल्याशिवाय माणसाला सुसंस्कृत जीवन जगता येत नाही. वर्णव्यवस्थेने फुरसत एका टोकाला आणि श्रम दुसऱ्या टोकाला ठेवले. म्हणून नदीकाठची पायवाट हा नुसता पर्यावरणाचा विषय होऊ शकत नाही. तो वाटपाचा विषय आहे.

हे महाराष्ट्राने आजच समजून घ्यावे. पुण्यात मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटर काठाच्या प्रकल्पाचे ६ मार्च २०२२ ला भूमिपूजन झाले. त्यावर वाद झाला तो झाडांचा आणि पुराचा. तो रास्तच आहे. पण नदीकाठच्या वस्त्यांतल्या माणसांचे काय, हा प्रश्न त्या वादात नेहमी शेवटी येतो. तो पहिला आला पाहिजे.

मागण्या साध्या आहेत. नदीकाठ सजवण्याआधी काठावरच्या प्रत्येक कुटुंबाची मोजणी करा आणि त्याच परिसरात पक्के घर द्या. बागा आणि पायवाटा झाडणाऱ्या कंत्राटी कामगारांना कायम करा, त्यांना हक्काची सुटी आणि बसायला खोली द्या. आणि पुढची बाग डड्डूमाजऱ्यासारख्या वस्तीच्या दारात करा.

तोवर कुणी चंदीगडचा दाखला दिला, तर त्याला कचऱ्याच्या डोंगराचा पत्ताही विचारा.

जय भीम.