आपली गाडी : फ्यूज मोठा नको

प्रश्न : अमेरिकेत असलेल्या माझ्या भाईजानकडे १९७२ची डॅटसन २४०झेड आहे. चावी फिरवली की इंजिन सुरू होते, सोडताच बंद पडते. हेडलाइट मंद आहेत, फ्यूजबॉक्स तापतो. मोठा फ्यूज टाकतो म्हणतात. आम्हाला काळजी वाटते.

उत्तर : आधी त्यांना थांबवा. वायर वाचावी म्हणून फ्यूज जळतो. तो मोठा केला तर वायरच पेटेल.

या गाडीत हेडलाइटना रिले नाही. सगळा करंट फ्यूजबॉक्स आणि स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून जातो. कॉन्टॅक्ट गंजले की तिथे उष्णता होते आणि दिव्यांना व्होल्टेज कमी पडते. कॉन्टॅक्ट साफ करून, बॅटरीवरून वेगळ्या फ्यूजसह रिले बसवून घ्यावेत. उजेडही वाढेल.

इंजिनाचे दुखणे वेगळे. स्टार्टर फिरताना कॉइलला थेट करंट मिळतो. चावी सोडल्यावर तो बॅलास्ट रेझिस्टरमधून येतो. म्हणून तो रेझिस्टर आणि चावीच्या स्विचचा ‘ऑन’ कॉन्टॅक्ट तपासावा. कॉइल बदलण्याची घाई नको.

दुरुस्ती होईपर्यंत गाडी रात्री बाहेर काढू नये. जीव ही अल्लाहची अमानत आहे.