बर्फ आणि रिकामी जागा



बर्फवृष्टी शिकवताना मी वीस वर्षे फळ्यावर खडूचे पांढरे ठिपके काढत आले. स्वतः बर्फ कधी पाहिला नाही. तो आमच्या रत्नागिरीच्या घरात आला मोबाइलवरून, सोमवार, २४ जानेवारी २०२२ रोजी.

माझा धाकटा भाऊ ग्रीसमध्ये, अथेन्सला लागून असलेल्या पिरेयस बंदरात जहाजदुरुस्तीच्या कामावर आहे. संध्याकाळी भावजयीने व्हिडिओ पाठवला. पाच वर्षांची भाची इमारतीखाली बर्फात उड्या मारत होती. तिथे रस्त्याच्या कडेला कडू संत्र्यांची झाडे असतात. केशरी फळांवर पांढऱ्या टोप्या चढल्या होत्या. पाठोपाठ शहराचे फोटो आले. टेकडीवर सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचे पार्थेनॉन, खाली चौकात १७५९ सालची मशीद, जिथे आता संग्रहालय आहे. दोन्ही पांढरीशुभ्र. अम्मी म्हणाली, "माशाअल्लाह, केवढं देखणं!" मी फोटो लगेच वर्गाच्या ग्रुपवर टाकले.

मुले विचारणारच, म्हणून नकाशा काढून बसले. अथेन्स श्रीनगरच्याही उत्तरेला आहे, जवळजवळ ३८ अक्षांशावर. पण शहर समुद्राकाठी असल्याने हिवाळा सौम्य असतो. आसपासच्या डोंगरांवर बर्फ पडतो, शहरात तो साचणे दुर्मीळ. उत्तरेचा अतिथंड वारा एजियन समुद्राच्या उबदार पाण्यावरून आला, की वाटेत बाष्प उचलतो आणि किनाऱ्यावर बर्फ टाकतो. त्या वादळाचे नाव होते 'एल्पिस'. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ आशा.

रात्री अकराला भावजयीचा फोन आला. तिथे तेव्हा साडेसात वाजले होते.

"आपा, हे अजून घरी आले नाहीत. दुपारपासून रस्त्यात अडकलेत. अम्मींना सांगू नका."

भाऊ जहाजाचा एक सुटा भाग आणायला विमानतळावर गेला होता. परतताना मोठ्या महामार्गावर गाड्या बर्फात रुतल्या. हजारो माणसे अडकली. मी ज्या बर्फाचे फोटो हौसेने वाटत होते, त्याच बर्फात माझा भाऊ बसला होता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

पहाटे त्याचा आवाज ऐकला. "आपा, मुंबईतली २६ जुलै आठवली. तेव्हाही अनोळखी माणसांनीच सांभाळलं होतं." शेजारच्या गाडीतल्या माणसाने त्याला पाणी आणि बिस्किटे दिली. अधूनमधून खाली उतरून तो सायलेन्सरच्या तोंडावरचा बर्फ हाताने काढत होता. नळी बुजली, तर विषारी वायू गाडीत शिरतो आणि माणूस झोपेतच जातो. म्हणून इंजिनही तो थोडाच वेळ चालू ठेवी. मदतीला लष्कराचे जवान आले. पुढे अडकलेल्यांना भरपाईही जाहीर झाली.

इकडे घरी भावजय एकटी होती. रात्री आठला दार वाजले. वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाई गरम सूप आणि जाड रजई घेऊन उभ्या होत्या. भावजयीला ग्रीक जेमतेम येते, त्यांना इंग्रजी येत नाही. तरी भाची झोपेपर्यंत त्या बसून राहिल्या.

त्या आठवड्यात वर्गात मी दोन्ही गोष्टी सांगितल्या, फोटोही दाखवले. एका मुलीने हात वर केला.

"मॅडम, भाषा येत नव्हती, मग त्या आजींना कळलं कसं?"

हे मीही भावजयीला विचारले होते. ती म्हणाली, त्या दिवशी सगळी इमारत खिडकीतून बर्फ बघत होती. आजींना मात्र खाली आमच्या गाडीची रिकामी जागाही दिसली.

मुलीला मी तेच सांगितले. आता पावसाची पहिली मोठी सर आली, की अम्मी चहा ठेवायला सांगते आणि मी खिडकीत उभी राहते. सर छानच असते. पण आपल्या चाळीत, आपल्या मोहल्ल्यात कोण अजून घरी आलेले नाही, तेही बघून घेते.