कोसळलेल्या यंत्राची साक्ष

यंत्र अडलें कीं तें बंद करून पुन्हा चालू करावयाचें, ही रीत आतां इतकी अंगवळणी पडली आहे कीं तिजविषयीं कोणी प्रश्नच विचारीत नाहीं. परंतु ही रीत केव्हां केव्हां अन्यायास कारण होते, हें मला आपल्याच शाळेच्या संगणकवर्गांत शिकावें लागलें. ज्याच्या हातून चूक घडली त्यानेंच ती सांगावी हें बरें, म्हणून हा लेख.

आपल्या वर्गांतील प्रत्येक संगणकावर एक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी यंत्र, चालतें. यजमान संगणकाची थोडी मेमरी व डिस्कवरील थोडी जागा घेऊन हायपरव्हायझर नांवाचा कारभारी हें यंत्र उभें करतो. ही कल्पना नवी नाहीं. आयबीएम कंपनीनें १९७२ सालींच आपल्या मोठ्या संगणकांसाठीं व्हीएम/३७० ही प्रणाली पुढें आणली होती. आपल्या आभासी यंत्रांत लिनक्स ही कार्यप्रणाली असून तिचा गाभा म्हणजे कर्नल. पुढें जाणें अशक्य किंवा धोक्याचें आहे असें दिसतांच कर्नल आपण होऊन थांबतो. यास कर्नल पॅनिक म्हणतात. थांबतांना तो बहुधा पडद्यावर कारण लिहून ठेवतो. ती त्याची अखेरची साक्ष होय.

एके दिवशीं एका विद्यार्थ्याचें यंत्र प्रणाली अद्ययावत केल्यानंतर असेंच कोसळलें. पडदा न वाचतांच मीं “तूंच कांहीं तरी बिघडविलें असशील” असें म्हटलें, व तें यंत्र पुसून नवें करावयास सांगितलें. १० मिनिटांत नवें यंत्र उभें राहिलें. परंतु त्या मुलाचें महिन्याभराचें काम गेलें.

पुढें थोड्याच दिवसांत दुसऱ्या एका यंत्राची तीच गत झाली. या वेळीं तेथें बसणाऱ्या विद्यार्थिनीनें कशासही हात न लावितां पडद्याचें छायाचित्र घेतलें. त्यावर “अनेबल टू माउंट रूट एफएस” असे शब्द होते. म्हणजे मूळ फाइल-व्यवस्था कर्नलास उघडतां येत नव्हती. आरंभीं कर्नलास लागणारीं साधनें इनिट्रॅमएफएस नांवाच्या एका लहान गाठोड्यांत बांधलेलीं असतात, व आभासी डिस्कचा ड्रायव्हर पुष्कळदां त्यांतच असतो. तें गाठोडें नसलें किंवा अपुरें असलें, तर हा संदेश येऊं शकतो. आम्हीं आरंभींच्या सूचींतून जुना कर्नल निवडला, तों यंत्र सुरळीत उठलें. अर्थात् डिस्क शाबूत होती. मग पाहतों तों बूटचा विभाग जुन्या कर्नलांनीं काठोकाठ भरलेला! नव्या कर्नलाचें गाठोडें ठेवण्यास जागाच उरली नव्हती. नको असलेले जुने कर्नल काढले, गाठोडें पुन्हा बांधलें, आणि काम झालें.

तो विभाग इतका लहान कोणीं ठेविला होता? मींच. वर्गांतील सर्व यंत्रें माझ्या एकाच नमुन्याच्या नकला होत्या. पहिल्या मुलाच्या यंत्राचेंही हेंच झालें असावें. परंतु तें सिद्ध करण्यास आतां कांहीं उरलें नाहीं, कारण तो पुरावा माझ्याच आज्ञेनें पुसला गेला. मीं वर्गासमोर त्याची क्षमा मागितली. त्याचें काम मात्र मला परत देतां आलें नाहीं.

कोणी म्हणेल, “आभासी यंत्र १० मिनिटांत नवें होतें; मग तासन् तास कारण शोधण्यांत काय लाभ?” या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. जेथें लोकांचें काम खोळंबलें आहे तेथें यंत्र आधीं चालू करावेंच. परंतु त्यापूर्वीं डिस्कची एक प्रत बाजूस ठेवण्यास कितीसा वेळ लागतो? कारण जागच्या जागीं राहिलें तर नवें यंत्रही त्याच ठेंचेनें पडेल.

यासाठीं विद्यार्थ्यांस माझें सांगणें एवढेंच. मोठा बदल करण्यापूर्वीं स्नॅपशॉट घ्यावा. आभासी सीरियल पोर्टचें लेखन यजमानावरील फाइलींत जाईल अशी योजना करावी, म्हणजे पडदा पुसला तरी संदेश उरतो. केडंप हें साधन लावून ठेवावें. त्यांत राखीव मेमरींत दुसरा कर्नल सज्ज असतो, आणि पहिला कोसळतांच तो उठून पहिल्याच्या मेमरीची प्रत जतन करतो. शिवाय, दोष नेहमीं आंतच असतो असें समजूं नये. “सॉफ्ट लॉकअप” हा इशारा, प्रोसेसर २० सेकंदांहून अधिक काळ अडकल्यासारखा दिसला म्हणजे येतो. परंतु यजमानावर फार भार पडून आभासी प्रोसेसरास पाळीच मिळाली नाहीं, तरीही तो येतो. एकाच यजमानावरील अनेक यंत्रें एकदम अडखळलीं तर आधीं यजमानाकडे पाहावें. एकच अडखळलें तर आधीं त्याच्या आंत शोधावें.

मुलगा असो वा यंत्र, त्याचें म्हणणें ऐकल्यावांचून निकाल देऊं नये. पुसून टाकणें सोपें आहे. परंतु पुसलेल्या पाटीवरून कोणाचें गणित बरोबर होतें हें मागून सांगतां येत नाहीं.