दुसऱ्या फळीचे बचावपटू
आइस हॉकीत बचावपटू उशिरा तयार होतो. कोपऱ्यातली पक घ्यायला वळताना खांद्यावरून मागे बघायचं, अंगावर येणाऱ्याला चुकवून जोडीदाराला पास द्यायचा, ही सवय बाकावर बसून लागत नाही. मोरित्झ सायडरला डेट्रॉइट रेड विंग्जने २०१९ मध्ये सहाव्या क्रमांकावर निवडलं, तरी अठराव्या वर्षी खेळवलं ते ग्रँड रॅपिड्स ग्रिफिन्स या आपल्या दुसऱ्या फळीच्या संघाकडून. २०२२ मध्ये तो एनएचएल या वरच्या लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. पण एकटादुकटा हिरा पुरत नाही. वरच्या संघात कुणी जखमी झालं, की खालचा सर्वांत चांगला बचावपटू रातोरात उचलला जातो आणि सहा जणांची घडी विस्कटते. म्हणून आठ-नऊ होतकरू हाताशी हवेतच, आणि अटीतटीच्या वेळीही त्यांनाच बर्फावर उतरवायला हवं, चार सामने हातचे गेले तरी.