चाल कुणाची?

"सगळी गाणी एकाच चालीवर! ह्यांना दुसरं काही सुचतच नाही का?" लग्नसराईत हळदीच्या रात्री डीजे सुरू झाला, की पालघरपासून बोईसर-तारापूरपर्यंत हे वाक्य ऐकू येतं. म्हणणारे बहुधा आमच्यासारखे चार बुकं शिकलेले. की-बोर्डवर नाहीतर मोबाइलवर उतरवलेला तारप्याचा एक तुकडा, त्यावर आज एकाने नवरदेवाचं गाणं म्हटलं, उद्या दुसऱ्याने नवरीचं. म्हणे, ही चोरी!

मला हे अजिबात मान्य नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'सौभद्र' (१८८२) उघडून पाहा. पदाच्या डोक्यावर 'चाल' असं लिहून जुन्या पदाचे शब्द दिलेले सापडतील. जात्यावरच्या ओवीची चाल तर गावातल्या साऱ्या बायकांची. तिथे कुणी चोरी म्हणत नाही. मग वारल्याच्या पोराने केलं की लगेच नाक का मुरडायचं?

जमैकात तर हा रीतसर धंदा आहे. आधी नुसत्या वाद्यांचा ठेका तयार करायचा (त्याला ते 'रिडिम' म्हणतात), त्याचं बारसं करायचं आणि मग त्यावर पाच-दहा गायकांनी आपापली गाणी म्हणायची. स्टीव्हन 'लेंकी' मार्सडेनच्या अशा एका ठेक्याचं नाव चक्क 'दिवाली'! शॉन पॉलचं 'गेट बिझी' आणि वेन वंडरचं 'नो लेटिंग गो' ही दोन्ही त्यावरचीच. पहिलं २००३ साली अमेरिकेत अव्वल ठरलं. पण ठेक्याला नाव आहे, आणि करणाऱ्यालाही.

माझं भांडण आहे ते इथे. वाळका दुधी, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा, आणि दम न तोडता तासन्‌तास फुंकणारा माणूस, म्हणजे तारपा. त्याने चाल बदलली की नाचणाऱ्यांची पावलं बदलतात; त्याच्याकडे पाठ करायची नाही अशी रीत. आणि गाणं बाहेर येतं तेव्हा? गायकाचं नाव, डीजेचं नाव, डीजेचा मोबाइल नंबरसुद्धा. तारपकऱ्याच्या जागी एकच शब्द, 'पारंपरिक'. परंपरेला काय गाल असतात फुगवायला?

जव्हारजवळच्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ साली पद्मश्री जाहीर झाली. आनंद आहे. पण बाकीच्यांचं काय?

ज्याचा तुकडा उचलला त्याचं नाव आणि पाडा गाण्याखाली लिहा, आणि गायकाला पाकीट द्याल त्याच दिवशी त्यालाही द्या. मूळ वाजवणारा सापडत नाही, ही सबब मी ऐकून घेणार नाही. डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हार... पाड्यापाड्यावर जाऊन तो तुकडा ऐकवा, म्हातारी माणसं फुंकीवरून माणूस सांगतील.