बी पेरा, विमान उगवेल

मंडळी, या विकांताला कोडिंग, करिअर, अ‍ॅप्रेझल हे नेहमीचे विषय बाजूला ठेवू. आज जरा धर्माबद्दल. मी ख्रिस्ती आहे हे इथल्या जुन्या वाचकांना ठाऊक आहेच, त्यामुळे दुसऱ्याच्या घरात डोकावतोय असा आरोप तरी होणार नाही. आज माझ्याच घरात डोकावायचं आहे. आवाज थोडा चढला तर समजून घ्या.

आधी एक शब्द: अपोलोजेटिक्स. माफी मागण्याशी याचा काही संबंध नाही. ग्रीक भाषेत 'अपोलोगिया' म्हणजे आरोपीने न्यायालयात आपल्या बाजूने केलेलं निवेदन. पेत्राच्या पहिल्या पत्रात (अध्याय ३, वचन १५) विश्वासणाऱ्यांना सांगितलंय की तुमच्या आशेचं कारण कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यपणे आणि आदराने. तर अपोलोजेटिक्स म्हणजे विश्वासाचं समर्थन, तेही कारणं देऊन.

हल्ली आमच्या तरुण पोरापोरींना याची चांगलीच गोडी लागली आहे. देव चांगला असेल तर जगात दुःख का? पुनरुत्थानाला पुरावा काय? विश्वाला सुरुवात होती का? यावरचे तासतासभराचे व्हिडिओ ऐकायचे आणि नास्तिक मित्राशी रात्री दोनपर्यंत वाद घालायचा. उत्तम आहे. डोकं बाहेर ठेवून देवळात जा असं येशूने कुणालाही सांगितलेलं नाही.

पण हीच मंडळी रविवारी सकाळी, स्टेजवरचा पाहुणा वक्ता 'हजाराचं बी पेरा, प्रभू शंभरपट देईल' म्हणतो तेव्हा चिडीचूप! नास्तिकाच्या प्रत्येक वाक्याला पुरावा मागणारा गडी इथे मान खाली घालून पाकीट काढतो. माझं म्हणणं सरळ आहे: बाहेरच्या प्रश्नांना उत्तरं देणारं आणि घरातल्या खोट्या शिकवणीसमोर मूग गिळून बसणारं समर्थन हे समर्थनच नव्हे. ती नुसती वादविवादाची हौस झाली.

या शिकवणीला 'समृद्धीची सुवार्ता' म्हणतात. थोडक्यात अशी: देवाची इच्छा आहे की तुम्ही श्रीमंत आणि निरोगी असावं. नसाल, तर तुमचा विश्वास कमी पडतोय. विश्वास दाखवायचा तर पैसे द्या. पैसे म्हणजे बी. आणि शेत कुठलं? अर्थातच वक्त्याची संस्था!

ही काही प्रेषितांच्या काळापासून चालत आलेली गोष्ट नाही. अमेरिकेतल्या ओरल रॉबर्ट्स या प्रचारकाने १९४७ साली योहानाच्या तिसऱ्या पत्रातलं दुसरं वचन वाचलं आणि त्याला त्यात समृद्धीचं वचन दिसलं, असं तो स्वतःच सांगत असे. पुढे 'बी-विश्वास' ही कल्पना त्याने लोकप्रिय केली. आता ते वचन उघडून बघा. वयोवृद्ध लेखक गायस नावाच्या मित्राला लिहितोय की तुझं सगळं बरं चालो, तब्येत चांगली राहो. म्हणजे आपल्या 'पत्र लिहिण्यास कारण की' च्या आधीचा क्षेमकुशलाचा भाग. त्यावर अख्खं अर्थशास्त्र उभं केलं! याच रॉबर्ट्सने १९८७ साली जाहीर केलं की मार्चपर्यंत ८० लाख डॉलर जमले नाहीत तर देव मला वर बोलावून घेईल. पैसे जमले. तो २००९ पर्यंत जगला.

पुढची पिढी आणखी पुढे गेली. २०१५ साली जॉर्जियातल्या क्रेफ्लो डॉलर (हो, हे खरंच आडनाव आहे) यांच्या संस्थेने गल्फस्ट्रीम जी-६५० विमानासाठी आवाहन केलं. किंमत साधारण साडेसहा कोटी डॉलर. २ लाख लोकांनी प्रत्येकी ३०० डॉलर द्यावेत असा हिशोब मांडला होता. २०१८ मध्ये लुइझियानाच्या जेसी डुप्लांटिसने ५ कोटी ४० लाख डॉलरच्या फाल्कन ७एक्ससाठी हात पसरले. आधीची विमानं होतीच, ही चौथ्या विमानाची गोष्ट आहे. बी आपण पेरायचं आणि पीक कुणाच्या अंगणात उतरतंय बघा.

'ही अमेरिकेची थेरं, आपल्याकडे कुठे?' असं म्हणू नका. तीच पुस्तकं, तीच भाषणं इथे भाषांतरित होऊन येतात. फरक एवढाच की तिकडे ३०० डॉलर देणाऱ्याला पुढच्या महिन्याचं किराणा सामान मिळतं. इथे घरकाम करणाऱ्या मावशींनी दिलेले दोन हजार म्हणजे पोराची फी असते.

आता शास्त्राकडे येऊ, कारण ही सगळी मंडळी हातात बायबल धरूनच बोलतात. यांची आवडती तीन ठिकाणं घेऊ.

पहिलं, मलाखी अध्याय ३, वचन १०. दशांश आणा म्हणजे आकाशाच्या खिडक्या उघडतील. पण दशांश म्हणजे मुख्यतः धान्य आणि जनावरं, आणि अनुवादाच्या १४ व्या अध्यायात त्याचा विनियोग स्पष्ट दिला आहे: दर तिसऱ्या वर्षी तो गावातल्या लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांना पोटभर मिळावा म्हणून. मलाखीच्या त्याच तिसऱ्या अध्यायात, पाचच वचनं आधी, मजुराची मजुरी बुडवणाऱ्याला आणि विधवा-अनाथांवर जुलूम करणाऱ्याला देव दम देतोय. त्याच्या आधीचा अध्याय तर याजकांनाच झोडपणारा आहे. तो कधी ऐकलाय स्टेजवरून?

दुसरं, मार्क अध्याय १०, वचन ३०. शंभरपट मिळेल. कशाच्या? घरं, भाऊ, बहिणी, आया, मुलं, शेतं. शब्दशः घ्यायचं तर शंभर आया सांभाळायची तयारी ठेवा! येशू बोलतोय ते विश्वासणाऱ्यांच्या कुटुंबाबद्दल. घर सोडलेल्याला शंभर घरांची दारं उघडी होतात. आणि त्याच वाक्यात 'छळासह' असं जोडलेलं आहे. तो शब्द मात्र वक्ता गिळतो.

तिसरं, विधवेच्या दोन टोल्या, मार्क अध्याय १२. 'तिने होतं नव्हतं ते टाकलं, तुम्ही काय टाकणार?' असं विचारत थैली फिरवतात. जरा दोन बोटं वर सरका. लगेच आधीच्या वचनात येशू विधवांची घरं गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांना झोडपतोय. आणि लगेच पुढच्या अध्यायात त्या मंदिराचा दगडावर दगड राहणार नाही म्हणतोय. वर्गणीची जाहिरात म्हणून वापरायला याहून चुकीचा उतारा सापडणं कठीण!

आजारपणाचंही तेच. विश्वास असेल तर आजार राहत नाही म्हणे. मग पौलाच्या शरीरातला काटा का गेला नाही? तीनदा प्रार्थना केली होती त्याने. तीमथ्याला वारंवार होणाऱ्या दुखण्यासाठी पौल थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो, विश्वास वाढव असं सांगत नाही. त्रफिमाला तो मिलेतात आजारी ठेवून पुढे गेला. आणि लूक वैद्य होता. या चौघांपेक्षा आपल्या वक्त्याचा विश्वास मोठा असेल तर प्रश्नच मिटला.

आपण इंजिनियर लोक, म्हणून यातली रचना बघा. पैसे दिले, भरभराट झाली: देवाने केलं, साक्ष द्यायला स्टेजवर या. पैसे दिले, काहीच झालं नाही: तुमचा विश्वास कमी पडला, आणखी द्या. चूक कधीच शिकवणीत निघत नाही. प्रत्येक बग 'युजर एरर' म्हणून बंद करणारं सॉफ्टवेअर तुम्ही विकत घ्याल का? शिवाय माइक फक्त ज्याचं भलं झालं त्यालाच मिळतो. ज्या नव्व्याण्णवांचं झालं नाही ते मागच्या बाकावर गप्प बसतात, आणि वरून स्वतःलाच दोष देतात. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो. पैसे गेले ते गेलेच, पण कॅन्सरच्या पेशंटला 'तुझाच विश्वास कमी' म्हणणं हा क्रूरपणा आहे. ईयोबाचे मित्र हेच बोलत होते, आणि पुस्तकाच्या शेवटी देव त्यांच्यावर रागावला.

गंमत म्हणजे स्वतः शिकवणारेच आता मागे फिरताहेत. केनेथ हेगिन या चळवळीचा वडीलधारा. त्याने २००० साली पुस्तक लिहून या शंभरपटीच्या अतिरेकावर टीका केली. २०१९ मध्ये बेनी हिनने जाहीर सांगितलं की देवाच्या आशीर्वादाला किंमत लावणं आता बंद. २०२२ मध्ये क्रेफ्लो डॉलर यांनी दशांशावरची आपली जुनी शिकवण चुकीची होती असं सांगून जुनी पुस्तकं-टेपा फेकून द्यायला सांगितल्या. छान! पण त्या शिकवणीवर विसंबून ज्यांनी वर्षानुवर्षं दिलं त्यांचं काय?

आता नेहमीचे आक्षेप.

'देवाच्या अभिषिक्ताला हात लावू नका.' दावीदाने शौलाला मारलं नाही, त्या संदर्भातली ही भाषा आहे. तिचा अर्थ जीव घेऊ नका असा, प्रश्न विचारू नका असा नव्हे. दावीद स्वतः अभिषिक्तच होता की. नाथानाने त्याला तोंडावर सांगितलं, तो माणूस तूच आहेस. पौलाने अंत्युखियात पेत्राला सगळ्यांसमोर सुनावलं.

'न्याय करू नका.' मत्तय अध्याय ७, वचन १. मान्य. त्याच अध्यायात पंधराव्या वचनात खोट्या संदेष्ट्यांपासून सावध राहायला सांगितलंय. न पारखता सावध कसं राहायचं?

'विरोधकांच्या हाती कोलीत मिळेल.' हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण आज भारतात ख्रिस्ती असणं सगळीकडे सोपं नाही. अनेक राज्यांत धर्मांतरविरोधी कायदे आहेत आणि त्यांतला कळीचा शब्द आहे आमिष. पण मग सांगा, 'इथे या, कर्ज फिटेल, आजार जाईल' असं व्यासपीठावरून ओरडणारा कोलीत देतोय, की त्याला 'हे आमच्या शास्त्रात नाही' असं सांगणारा? महाराष्ट्रात तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. चमत्काराच्या नावाखाली लोकांना फसवून पैसे कमावणं हा त्यात गुन्हा आहे, आणि तो सगळ्या धर्मांना सारखाच लागू आहे. डॉ. दाभोलकरांच्या चळवळीने विचारायच्या आधी हे प्रश्न आम्हीच विचारायला हवे होते.

गप्प बसण्याची किंमत बघायची असेल तर रवी झकरायस आठवा. जन्म मद्रासचा, १९४६ चा. अपोलोजेटिक्समधलं सगळ्यात मोठं भारतीय नाव. २०१७ मध्ये एका स्त्रीने तक्रार केली तेव्हा त्यांच्या संस्थेने त्यांच्यावरच विश्वास ठेवला. पदव्यांबद्दलच्या फुगवलेल्या दाव्यांवर बोट ठेवत राहिला तो एक नास्तिक वकील. मे २०२० मध्ये ते वारले, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये संस्थेनेच नेमलेल्या वकिलांच्या अहवालात अनेक स्त्रियांच्या लैंगिक शोषणाचं चित्र बाहेर आलं. जगाच्या प्रश्नांना उत्तरं देणारी संस्था घरातला एक प्रश्न ऐकू शकली नाही. शिकवण असो की वागणूक, रोग एकच: आपल्या माणसाला पुरावा मागायचा नाही.

सगळेच असे आहेत का? अजिबात नाही. असेम्ब्लीज ऑफ गॉड या पेंटेकॉस्टल संघटनेने १९८० सालीच 'तोंडाने बोला म्हणजे मिळेल' या शिकवणीविरुद्ध निवेदन काढलं होतं. २०१० च्या केपटाउन परिषदेच्या जाहीरनाम्यानेही समृद्धीची शिकवण नाकारली. आणि आपल्या मातीतलं उदाहरण हवं तर पंडिता रमाबाई. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांनी तिथल्या धर्मगुरूंशी आणि भगिनींशी सिद्धांतांवरून वाद घातले. दुसऱ्याने सांगितलेला अर्थ निमूट घेतला नाही. पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या मराठीत अख्खं बायबल आणलं, का, तर केडगावच्या बायकांना स्वतः वाचता यावं म्हणून. त्या मराठी मंडळीने आज आयात केलेलं 'बी' डोळे मिटून पेरावं, हे मला बघवत नाही.

तेव्हा, समर्थन करणाऱ्या माझ्या मित्रांनो, पुढच्या वेळी कुणी वचन फेकलं तर तिथेच उघडा आणि आधीची-नंतरची दहा वचनं वाचा. बिरुयाच्या लोकांनी पौलाचं म्हणणंसुद्धा रोज शास्त्रात तपासून पाहिलं, आणि प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक त्यांचं त्याबद्दल कौतुक करतं. वक्त्याला सभेनंतर नम्रपणे विचारा: संस्थेचे ऑडिट केलेले हिशोब कुठे बघायला मिळतील? ज्यांना शंभरपट मिळालं नाही, त्यांना तुम्ही काय सांगता? आणि दान जरूर द्या, मात्र परताव्यासाठी नको. शेजारच्या मावशींच्या पोराची फी भरा, म्हणजे पैसे कुठे गेले तेही कळेल.

असो. लेख लांबला, आणि उद्या सोमवार आहे. ज्यांना राग आला असेल त्यांनी मलाखी दोन आणि तीन हे दोन अध्याय सलग वाचावेत. दहा मिनिटं लागतात. त्यानंतर भांडायला मी तयार आहे.