बंधुतेचे दार कायद्याने उघडते, कृपेने नाही



फ्रॅटर्निटी म्हणजे बंधुता. आपल्यासाठी हा संविधानाच्या उद्देशिकेतला शब्द आहे. अमेरिकेत बिझनेस शिकायला गेलेल्या आपल्या मुलामुलींना मात्र तो कॅम्पसवर वेगळ्याच अर्थाने भेटतो. तिथे ‘बिझनेस फ्रॅटर्निटी’ म्हणजे ग्रीक अक्षरांचे नाव लावणारी, भावी व्यावसायिकांची विद्यार्थी संघटना. प्रश्न असा की, ही बंधुता आहे की नुसता कंपू?

इतिहास पाहा. अल्फा कप्पा साय (1904) आणि डेल्टा सिग्मा पाय (1907) या दोन्ही संघटना न्यूयॉर्क विद्यापीठात जन्मल्या, फक्त पुरुषांसाठी. दार बंद असल्यामुळे स्त्रियांनी 1924 मध्ये फाय गॅमा नू आणि फाय काय थीटा या स्वतःच्या संघटना उभ्या केल्या. पुढे 1972 मध्ये शिक्षणातल्या लिंगभेदाला बंदी करणारा ‘टायटल नाइन’ कायदा आला. सोशल फ्रॅटर्निटींनी 1974 मध्ये त्यातून सूट मिळवली. व्यावसायिक संघटनांना ती मिळाली नाही. परिणाम समोर आहे. व्यावसायिक संघटनांत आज मुलगे-मुली एकत्र आहेत, सूट मिळालेल्या अनेक संघटना अजून पुरुषांच्याच आहेत. कॅम्पस तोच, समाज तोच. फरक केला तो कायद्याने.

पण कायदा दारापर्यंतच नेतो. आत कोणाला घ्यायचे हे सदस्य मुलाखती घेऊन, मतदान करून ठरवतात. मग काही आठवड्यांचे प्रशिक्षण, वर्गणी, आणि शेवटी खरे भांडवल हाती येते : रेझ्युमे तपासणारा सीनियर, सरावाची मुलाखत, मोठ्या कंपनीतल्या माजी सदस्याची शिफारस. ‘हा आपल्यात बसेल का?’ हा प्रश्न वरवर निरुपद्रवी वाटतो. ज्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या ऑफिसची भाषा बोलली गेली, तोच त्यात सहज बसतो. याच न्यूयॉर्क शहरात, कोलंबिया विद्यापीठात, बाबासाहेबांनी 1916 मध्ये मांडले होते की वर्गाने स्वतःची दारे बंद केली की त्याची जात होते.

आता या मुलाखती घेणाऱ्यांत भारतीय वंशाची मुलेही असतात. आडनावावरून जात हुंगण्याची सवय विमानतळावर जप्त होत नाही. म्हणूनच ब्रँडाइस विद्यापीठाने 2019 मध्ये आणि कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने 2022 मध्ये भेदभावविरोधी धोरणात ‘जात’ हा शब्द घातला, ही छोटी गोष्ट नाही. आणि 2023 मध्ये कॅलिफोर्नियाचे जातविरोधी विधेयक गव्हर्नर न्यूसम यांनी नाकारले, हेही विसरू नका.

काही जण म्हणतील, असल्या कंपूंपासून लांबच राहा. मला हे पटत नाही. ओळखीपाळखीचे भांडवल त्यांच्याकडे सोडून आपण फक्त गुणपत्रिका घेऊन रांगेत का उभे राहायचे? आत जा. आपल्या विद्यापीठाच्या धोरणात जात आहे का ते वाचा. नसेल तर मागणी करा. मत द्यायची वेळ आली की दाराबाहेर उभ्या असलेल्याची आठवण ठेवा. आणि इथे, आपल्या वस्तीतल्या वाचनालयात, विहारात, नोकरीत स्थिरावलेल्यांनी महिन्यातून एक रविवार पोरांचे रेझ्युमे तपासायला द्यावा. त्याला ग्रीक अक्षरे लागत नाहीत.

जय भीम! जय संविधान!